दप्तर आले, दप्तरदार मागे राहिले

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, गुलबर्गा, रायचूर आणि बीदरचा बराचसा भाग म्हैसूरला मिळाला, आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. आपण हा इतिहास भाषिक राज्यांच्या चळवळीचा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण माणसे आणि जमीन यांच्यासोबत त्या माणसांची आणि जमिनीची नोंदही हद्द ओलांडून आली. पहाणी पत्रके आली, सेतवार आले, खासरा आला, इनामांचे मुंतखब आले. हे कागद ज्या नियमांनी लिहिले गेले होते ते नियम मात्र हैदराबादच्या कचेऱ्यांत आणि तिथल्या जुन्या अंमलदारांच्या डोक्यात राहिले. आज त्याच शहरात, हायटेक सिटीच्या इमारतींमध्ये, दुसऱ्या कंपनीकडून येणारा डेटा आपल्या प्रणालीत बसवणे हे असंख्य अभियंत्यांचे रोजचे काम आहे आणि त्यांची तक्रार ठरलेली असते. रकाने येतात, रकान्यांचा खुलासा येत नाही. तारीख कोणत्या पद्धतीची, रक्कम कोणत्या चलनातली, रिकामी जागा म्हणजे ‘नाही’ की ‘विचारलेच नाही’, हे कुणी लिहून दिलेले नसते. संगणक नवा असला तरी ही तक्रार हैदराबादला नवी नाही. मराठवाडा तर ती सत्तर वर्षे भोगतो आहे. हैदराबादच्या नोंदी वापरताना लोक अडतात तेव्हा दोष उर्दूला, मोडीला किंवा निजामाच्या कारभाराला दिला जातो. मला हे निदान चुकीचे वाटते. लिहिणारा आणि वाचणारा एकाच कचेरीतला असतो तोवर खुलासा लिहून ठेवण्याची गरज कुणालाच भासत नाही. वाचणारा बदलला की तोच कागद अपुरा पडतो. आणि खुलासा न लिहिण्यात काही वेळा कुणाचे तरी हित गुंतलेले असते.

हे हित किती मोठे असू शकते ते पाहायचे तर सालारजंगांच्या काळापर्यंत मागे जायला हवे. सालारजंग पहिले १८५३ मध्ये दिवाण झाले तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. राज्याचा महसूल मक्त्याने दिलेला होता, कित्येक तालुके सावकारांकडे आणि अरब जमादारांकडे कर्जापोटी अडकलेले होते. अशा दिवाणाला सैन्याच्याही आधी लागते ती माहिती: कोणत्या गावाचा आकार किती, कोणती जहागीर कोणत्या अटीवर दिलेली, पुढे आलेली सनद खरी की बनावट. ही माहिती सरकारची होती, पण सरकारच्या हातात नव्हती. आसफजाही राज्यात दोन मोठी दप्तरे होती आणि दोन्ही वंशपरंपरेने चालत. तेलंगणाच्या बाजूचे दफ्तर-ए-माल माथुर कायस्थांच्या मालवाला घराण्याकडे होते आणि मराठी मुलखाच्या बाजूचे दफ्तर-ए-दिवानी रायरायान या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याकडे. म्हणजे औरंगाबादेकडील एखाद्या जहागिरीचा वाद निघाला की निजामाच्या दरबाराला एका मराठी घराण्याने सांभाळलेल्या कागदांकडे पाहावे लागे. हैदराबादच्या कायस्थांचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्या कॅरन लेनर्ड यांनी या दप्तरदारांचे स्थान तपशिलाने दाखवले आहे. दरबारातले त्यांचे वजन तलवारीचे नव्हते, जमीनदारीचेही मुख्यतः नव्हते. कोणता कागद कुठे आहे आणि त्याचा अर्थ काय लावायचा हे त्यांनाच ठाऊक होते, म्हणून ते वजन होते. अशा घराण्याने आपल्या नोंदींचा खुलासा लिहून दिवाणाच्या स्वाधीन करावा, अशी अपेक्षा करणे म्हणजे आपले वतन आपणच सोडून द्यावे, असे त्याला सांगण्यासारखे होते.

सालारजंगांनी या अडचणीतून जो मार्ग काढला तो आजही अनेक संस्था काढतात. जुन्या दप्तराचा अर्थ लावत बसण्याऐवजी त्यांनी शेजारी नवी यंत्रणा उभी केली. मक्तेदारी मोडली, देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम काढून घेऊन त्यांना रुसूम, म्हणजे रोख नेमणूक, लावून दिला, १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली, पगारी तालुकदार आणि तहसीलदार नेमले. पुढे उत्तर हिंदुस्थानातून मोहसीन-उल-मुल्क यांच्यासारखे अनुभवी अधिकारी आले आणि मोजणी-जमाबंदीचे खाते मुंबई इलाख्याच्या धर्तीवर चालू लागले. दोन्ही जुनी दप्तरे हळूहळू कारभारातून बाहेर पडून अभिलेखागार झाली. त्यांतले कागद आज हैदराबादेतील तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत. शाहजहान-औरंगजेबाच्या दख्खन कारभाराचे लाखाहून अधिक मोगल कागदही तिथेच आहेत. हा मार्ग व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचा होता, यात मला शंका नाही. दप्तरदारांशी झगडण्यात दिवाणाची पंचवीस वर्षे सहज गेली असती. पण त्याची किंमतही होती. नव्या यंत्रणेने फक्त दिवानी मुलूख नव्याने मोजला. जहागिरी, पायगा, संस्थाने आणि निजामाचा खासगी सर्फ-ए-खास मिळून राज्याचा सुमारे ४० टक्के भाग तिच्या बाहेर राहिला. तिथे हक्काचा पुरावा म्हणजे जुन्याच सनदा आणि जुनीच दप्तरे. १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी खालसा झाल्या तेव्हा सरकारला जहागीरदारांच्या कारकुनांनी, ज्याच्या त्याच्या पद्धतीने लिहिलेले कागद एकदम हाती घ्यावे लागले. शंभर वर्षांपूर्वी वळसा घालून टाळलेला प्रश्न तेव्हा कितीतरी पटींनी मोठा होऊन समोर आला.

दिवानी मुलखातही एक नोंद गावापासून हैदराबादेपर्यंत पोहोचेपर्यंत किती हात बदलत असे, हे नीट पाहिले पाहिजे. मराठवाड्यातला पटवारी गावचे कागद मोडीत लिही. त्यांचा गोषवारा तहसिलीत जाई तो फारसीत, आणि १८८४ च्या सुमारास कारभाराची भाषा बदलल्यावर उर्दूत. जुन्या फारसी हिशेबांत आकडे अंकांनी नव्हे तर सियाक पद्धतीने मांडलेले असत. अरबी संख्यानामांची ती आखडलेली, एकमेकांत गुंतलेली रूपे असतात, आणि आपल्याला सवयीच्या असलेल्या एकक-दशक-शतकाच्या जागा त्यांत नसतात. म्हणून फारसी उत्तम येणारा माणूसही सियाक शिकल्याशिवाय बेरीज तपासू शकत नाही. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळे आणि काहीतरी नवे चिकटे. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, ण आणि न एकाच अक्षराने भागवतात, ळ साठी ल वापरतात, आणि घाईत लिहिलेल्या शिकस्त्यात नुक्तेही गळतात. मराठी गावाचे किंवा माणसाचे नाव त्या वळणातून गेले की मूळ उच्चार अंदाजानेच काढावा लागतो. पटवाऱ्याला आणि पेशकाराला मात्र अंदाज करावा लागत नसे, कारण ते गाव आणि तो माणूस त्यांच्या ओळखीचा होता. कागद अपुरा असूनही त्यांचे काम अडत नसे, आणि म्हणूनच तो पुरा करण्याची गरज त्यांना वाटली नाही.

काळगणनेची गोष्ट याहून कठीण, कारण ती सोपी दिसते. हैदराबादचा महसुली कारभार फसली सनावर चाले. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, असे पाठ केलेले लोक अजून भेटतात. जहागिरी रद्द करणारा कायदा १३५८ फसलीचा आहे. त्यात ५९० मिळवले तर १९४८ येते, आणि जहागिरी खालसा झाल्या १९४९ च्या ऑगस्टात. चूक बेरजेत नाही. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, १ आझूरला सुरू होई. आझूर, दै, बहमन, इस्फंदार असे त्याचे बारा महिने इराणी नावांचे होते. तेव्हा डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९० आणि पुढच्या नऊ महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. एवढ्यानेही भागत नाही. मुंबई इलाख्यात फसली वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या आरंभी पालटे, आणि मद्रासेत १ जुलैला. तिन्हीकडे सनाचा आकडा एकच आणि आरंभ वेगळा. सोलापूर किंवा अहमदनगरच्या मुलखातून उस्मानाबाद-बीडकडे गेलेल्या कारकुनाला दोन्हीकडच्या कागदांवर ‘१३४०’ दिसे आणि तो दोन्ही एकच वर्ष धरी, तर जून ते ऑक्टोबर या चार महिन्यांत त्याची हमखास चूक होई. खरिपाची पेरणी आणि उभे पीक याच चार महिन्यांतले, म्हणजे जमीन कोण कसतो हे ठरवणारे. शिवाय निजामाची फर्माने हिजरी सनाची, रेसिडेन्सीशी पत्रव्यवहार इसवी सनाचा, आणि गावातल्या खासगी खरेदीखतावर शके. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे तिथे कोणतीच ठराविक संख्या मिळवून चालत नाही. आपल्याकडच्या संशोधकांनी पेशवाईच्या कागदांसाठी शुहूर, हिजरी आणि शकाच्या जंत्र्या तयार केल्या आणि त्यामुळे इतिहासाचे काम सुकर झाले. आझूर-दै च्या तारखांसाठी तहसिलीतल्या कारकुनाच्या हाती तेवढी सोपी जंत्री असायला हवी होती.

चलनाबद्दल थोडक्यात सांगता येईल. निजामाचा हाली सिक्का वेगळा आणि इंग्रजांचा कलदार वेगळा. सात हाली रुपये बरोबर सहा कलदार असा भाव पुढच्या काळात स्थिर होता. हाली सिक्का १९५९ पर्यंत पूर्णपणे बाद झाला नव्हता. आकारणीच्या रकान्यात नुसते ‘रुपये’ लिहिलेले असेल आणि कोणते ते लिहिलेले नसेल तर गावाचा महसूल साडेसोळा-सतरा टक्क्यांनी फुगतो. छावणी आणि रेल्वेच्या हद्दीत कलदार चाले, तेव्हा एकाच तालुक्याच्या कागदांत दोन्ही सापडणे अशक्य नव्हते.

सर्वांत जास्त घोटाळा मात्र तिथे होतो जिथे दोन्हीकडचे रकाने सारखे दिसतात. हैदराबादची मोजणी मुंबईच्या धर्तीवर झाल्यामुळे मराठवाड्यात सर्व्हे नंबर होते, एकर-गुंठे होते, आकार होता. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या महसूल अधिकाऱ्याला हे सारे घरचे वाटले असणार. पण मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ पासून होता. हक्क कुणाचा आणि तो कसा बदलला हे फेरफारात लिहिण्याची शिस्त तिथे दोन पिढ्या रुजली होती. हैदराबादेत १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७-०८ च्या, जमीन महसूल कायद्याने पट्टेदार ठरवला तो सरकारला सारा देण्याची थेट जबाबदारी असलेला माणूस म्हणून. त्याच कायद्यात शिकमीदार आहे. पट्टेदारासारखाच जमिनीत हक्क असलेला किंवा आरंभापासून त्याच्याबरोबर वहिवाटीत असलेला. सरकारला सारा वसूल करण्यापुरते एक नाव पुरेसे होते, म्हणून नोंदीत एक नाव ठळक राहिले. गावात मात्र शिकमीदार कोण हे सगळ्यांना ठाऊक असे. आता सातबाऱ्याच्या कब्जेदाराच्या रकान्यात पट्टेदाराचे नाव जसेच्या तसे उचलले तर काय होते? एकही अक्षर चुकत नाही, आणि तरी एक हक्कदार कागदावरून नाहीसा होतो. हैदराबादचे खरे हक्कनोंद विनियमन १३५८ फसलीचे, म्हणजे १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरचे. त्यानंतर १९५० चा कूळकायदा आला, १९५४ च्या आसपास खासरा पाहणी झाली, १९५६ मध्ये राज्यच बदलले, १९६७ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली आणि एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. वीस वर्षांत एवढे थर चढले. मराठवाड्यात आजही वारसाच्या किंवा कुळाच्या दाव्यात खासरा पत्रकाची नक्कल काढावी लागते, कारण वरच्या थरांवर विश्वास ठेवायचा तर खालचा थर पाहावाच लागतो.

निजामाचे राज्य मागासलेले आणि सरंजामी होते, तिथे नीट कागद ठेवलेच जात नव्हते, असा एक आक्षेप इथे नेहमी घेतला जातो. राज्य सरंजामी होते हे खरे, आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्याने त्याची झळ सोसली हेही खरे. पण कागदाच्या बाबतीत आरोप टिकत नाही. या राज्याने १८८१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना केली, कारभाराचे वार्षिक अहवाल छापले, जरीदा-ए-आलामिया हे राजपत्र चालवले. १९१७ मध्ये दार-उल-तर्जुमा हे भाषांतर खाते काढून कायदा, वैद्यक आणि विज्ञानाची उर्दू परिभाषा घडवली आणि तिच्यावर पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ उभे केले. परिभाषेची एवढी काळजी घेणारे सरकार लेखनात आळशी नव्हते. नियम लिहिलेले होते, पण ते गश्तींत, म्हणजे खात्यांच्या परिपत्रकांत. प्रत्येक खाते गश्ती काढी, पुढची गश्ती आधीची बदलून टाकी, आणि तो बदल नोंदवहीच्या रकान्यावर कुठेच उमटत नसे. १३२५ फसलीचे पत्रक त्या वर्षी लागू असलेल्या गश्ती समोर ठेवूनच वाचायला हवे. ज्याच्याकडे पत्रक आहे त्याच्याकडे गश्ती नाहीत, आणि ज्या कपाटात गश्ती आहेत तिथे कुणी पत्रक घेऊन जात नाही. म्हणून मला हा निष्काळजीपणाचा प्रश्न वाटत नाही. स्वतःच्या कचेरीपुरती ती नोंद पूर्णच होती.

उलट बाजूचा पुरावाही त्याच राज्यात आहे. इनामाची चौकशी पूर्ण झाल्यावर मिळणारा मुंतखब घ्या. त्यात कुणाला, किती, कोणत्या स्वरूपाचे इनाम, कोणत्या सेवेच्या अटीवर, हे निर्णयाबरोबरच लिहिलेले असते. १९५२ च्या अतियात चौकशी कायद्याखालची प्रकरणे आणि देवस्थान-दर्ग्यांच्या जमिनींचे दावे मराठवाड्यात अजून चालू आहेत, आणि त्यांत मुंतखब उर्दूत असूनही तो निर्णायक ठरतो. भाषा तीच, हस्ताक्षर तितकेच अवघड, राज्य तेच. फरक एवढाच की मुंतखब लिहिणाऱ्याला ठाऊक होते की हा कागद कचेरीबाहेर जाणार, वादात उभा राहणार, आणि आपल्याला न ओळखणारा माणूस तो वाचणार. त्याने म्हणून कारण लिहून ठेवले. अडचण उर्दूची असती तर मुंतखबही पत्रकाइतकाच निरुपयोगी ठरला असता.

मग जुने कागद बाजूला ठेवून सगळे नव्याने मोजावे, असा सल्ला दिला जातो; आणि तो देणारे आपल्याच इतिहासाचा दाखला देऊ शकतात. १८२८ नंतर प्रिंगल यांनी दख्खनची जी जमाबंदी केली ती सदोष ठरली, आणि १८३६ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत आणली. तीच पुढे मुंबई इलाख्याची, आणि सालारजंगांच्या काळात हैदराबादचीही, पायाभूत पद्धत झाली. जमीन किती आणि कशी, हे नव्या मोजणीने कळते. या कामी जुना कागद टाकून देता येतो. पण ती कुणाची आणि केव्हापासून, हे साखळी आणि शंकू सांगू शकत नाहीत. मोजणी आजचा वहिवाटदार दाखवील. १९४८ च्या धामधुमीत ज्याला गाव सोडावे लागले, किंवा ज्याची शिकमी जमीन पट्टेदाराच्या वारसांनी परस्पर विकली, त्याचा माग फक्त जुन्या पत्रकात आहे. तेलंगणाचा अलीकडचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या धरणी पोर्टलमध्ये जुन्या पहाणीतला कसणाऱ्याचा रकाना घेतलाच गेला नाही. नोंद स्वच्छ आणि एकनामी झाली, पण वहिवाटीचे प्रश्न मिटले नाहीत. २०२५ मध्ये धरणीच्या जागी भू भारती आणावी लागली. सत्तर वर्षांपूर्वीची खासरा पहाणी त्या राज्यातही अजून पुराव्यात वाचली जाते.

विलीनीकरणानंतरची काही वर्षे हा कारभार चालला तो माणसांमुळे, ही बाब पुरेशी नोंदली गेलेली नाही. सेतुमाधवराव पगडी यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. निलंग्यात जन्मलेले, हैदराबादच्या मुलकी सेवेत घडलेले, फारसी-उर्दूबरोबर तेलुगू, कानडी आणि गोंडी जाणणारे पगडी १९५६ नंतर मुंबई राज्यात आले आणि पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरचे काम त्यांनी पाहिले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. मला ते ज्या पिढीतून आले ती महत्त्वाची वाटते. हैदराबादच्या नोकरीत शिकलेले अनेक लहान-मोठे कर्मचारी औरंगाबाद, नांदेड, परभणीच्या कचेऱ्यांत होते, आणि आझूर कुठे येतो, शिकमी कसा ओळखायचा, गश्ती कोणती लागू, हे त्यांना विचारले की कळत होते. विचारले की कळत होते, म्हणूनच ते लिहून घेण्याची निकड शासनाला जाणवली नाही. ती पिढी निवृत्त झाली. शाळेतून मोडी गेली, मराठवाड्यात उर्दू शिकणाऱ्या मराठी मुलांची परंपरा तुटली, आणि कागद कपाटात सुरक्षित असूनही हाताबाहेर गेला.

त्याची जाणीव महाराष्ट्राला झाली ती २०२३ मध्ये. सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. समितीने हैदराबादला जाऊन तिथले अभिलेख पाहिले. २ सप्टेंबर २०२५ रोजी, मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षणासाठीचे मुंबईतील उपोषण संपताना, हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. आरक्षण कुणाला मिळावे हा इथला विषय नाही. ज्या कागदावर एवढ्या लोकांची आशा आणि तेवढ्याच लोकांची धास्ती बेतली आहे तो कागद काय सांगू शकतो, हा आहे. सार्वजनिक चर्चेत ‘हैदराबाद गॅझेट’ म्हणून जे फिरते त्यात तीन वेगवेगळ्या वस्तू मिसळल्या आहेत: राजपत्र म्हणजे जरीदा, जिल्ह्यांचे वर्णन करणारे गॅझेटियरचे ग्रंथ, आणि जनगणनेची कोष्टके. जरीद्यात आदेश आहेत, गॅझेटियरात वर्णन आहे, कोष्टकांत संख्या आहेत. प्रत्येकाचा लेखक वेगळा, हेतू वेगळा आणि पुरावा म्हणून वजनही वेगळे.

संख्यांचेच पाहा. १९०१ च्या जनगणनेवर आधारलेल्या इंपीरियल गॅझेटियरच्या हैदराबाद खंडात राज्यातली सर्वांत मोठी शेतकरी जात म्हणून कापू आणि कुणबी एकत्र मोजले आहेत. सुमारे साडेएकोणतीस लाख, एकूण लोकसंख्येच्या २६ टक्के. कापू हे तेलुगू मुलखातले शेतकरी, कुणबी मराठी मुलखातले. करीमनगरचा आणि जालन्याचा शेतकरी एका ओळीत आला, कारण संपादकाला राज्यात शेती करणारा वर्ग केवढा हे सांगायचे होते. त्याच्या प्रश्नाला ते उत्तर बरोबर आहे. मराठवाड्यात कुणबी किती, हा आपला प्रश्न त्याने विचारलेलाच नव्हता. जिल्हावार कोष्टके उघडली की अधिक तपशील मिळतो, पण तिथेही गणकाला दिलेल्या सूचना वाचल्याशिवाय कुणबी आणि मराठा यांतली रेघ त्या दशकात कुठे ओढली होती हे कळत नाही. आणि ती रेघ १८८१ पासून १९३१ पर्यंत एकाच जागी होती असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. आता यंत्रे जुनी उर्दू आणि मोडी वाचू लागतील, मग हा प्रश्न सुटेल, असे उत्साहाने सांगितले जाते. वाचन सुकर होईल हे मी मान्य करतो आणि ते व्हायलाच हवे. लाखो पानांना माणसे पुरणार नाहीत. पण यंत्र ‘१३१० फसली’ अचूक वाचून देईल आणि त्या वर्षीच्या गणकाला कुणबी म्हणून कुणाला लिहायला सांगितले होते हे सांगणार नाही, कारण ते त्या पानावर नाही. ते सूचनांच्या पुस्तिकेत आणि गश्तींत आहे.

शिवाय छापील कोष्टकात माणसाचे नाव नसते. प्रमाणपत्र नावाने मिळते. त्यामुळे शासन निर्णयाने गावपातळीवर चौकशीच्या समित्या ठेवल्या आहेत, आणि वंशावळ, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, महसुली पत्रके यांवरून अर्जदार आणि जुनी नोंद यांच्यातला दुवा तिथे जोडायचा आहे. म्हणजे १९५६ मध्ये जे काम जिल्ह्याच्या कचेरीत व्हायला हवे होते ते आता ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या टेबलावर आले आहे. त्याच्यासमोर पत्रकाची नक्कल असेल आणि मोडी वाचणाऱ्याने करून दिलेले लिप्यंतर असेल. फसली तारखांची हैदराबादी जंत्री, १३१७ फसलीच्या कायद्यातील संज्ञांचा खुलासा, दर दशकाच्या गणकांना दिलेल्या सूचनांचे मराठी भाषांतर आणि वर्षवार गश्तींची सूची, एवढे त्याला त्या नकलेसोबत मिळायला हवे. यातले बहुतेक साहित्य तारनाक्याला आणि औरंगाबाद-मुंबईच्या अभिलेखागारांत विखुरलेले आहे. ते एकत्र करायला नवा कायदा लागत नाही आणि दुसऱ्या राज्याची संमतीही फारशी लागत नाही. उर्दू शिकस्ता, सियाक आणि मोडी येणारी मोजकी जाणकार माणसे दोन-तीन वर्षे एका ठिकाणी बसवावी लागतील, आणि त्यांचे काम नुसत्या नकला काढण्यापुरते न ठेवता प्रत्येक प्रकारच्या नोंदीचा खुलासा लिहिण्याचे ठेवावे लागेल. शिंदे समितीने नोंदी शोधताना जी माणसे जमवली तीच या कामाला सर्वांत योग्य आहेत, आणि ती अजून उपलब्ध आहेत.